सात मंडळ्यांची गावं : इफिसपासून लावदिकीयापर्यंत

सीनाकाठ

‘सेव्हन चर्चेस टूर’ अशी जाहिरात वाचून सात चर्च बघायला मिळतील या समजुतीनं कुणी पश्चिम तुर्कस्तानात जाऊ नये, म्हणून हा धागा काढतेय. योहानानं पात्म बेटावरून ज्या सात मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजांना, पत्रं लिहिली (बायबलमधलं प्रकटीकरण, अध्याय २ आणि ३) त्या लोकांच्या घरांत जमायच्या. त्या काळचं एकही चर्च आज उभं नाही, कारण तेव्हा कुणी बांधलंच नव्हतं. दिसतं ते रोमन शहर, त्यात नंतर चौथ्या ते सहाव्या शतकात उठलेली चर्चं, आणि शेजारी किंवा थेट डोक्यावर आजचं तुर्की गाव. आमच्यातल्या काही जणांचा यामुळे चांगलाच हिरमोड झाला. एका काकांनी तर गाइडला विचारलं, “मग योहानानं पत्र टाकलं कुठं?”

आम्ही नगरकडचे. वेगवेगळ्या मंडळ्यांमधले, बहुतेक निवृत्त शिक्षक, दोन पाळक, काही नर्सबाया आणि आईवडिलांना सांभाळायला आलेली तरुण मुलं. २०२४च्या ऑक्टोबरात गेलो. ठरवलेलं एकच होतं, प्रत्येक गावी पोचलं की त्या गावाला आलेलं पत्र तिथंच बसून मराठीत मोठ्यानं वाचायचं.

पत्रांचा क्रम हाच रस्त्याचा क्रम आहे, हे नकाशा हातात घेतल्यावर कळतं. इफिसहून उत्तरेला स्मुर्णा, आणखी वर पर्गम, तिथून आग्नेयेला वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि शेवटी लावदिकीया. पत्र घेऊन निघालेला माणूस याच वाटेनं गेला असता, हा तर्क रॅम्से नावाच्या स्कॉटिश अभ्यासकानं शंभरेक वर्षांपूर्वी मांडला होता. आमची बसही त्याच क्रमानं गेली.

इफिस सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गर्दीचं. कुशादासीच्या बंदरात क्रूझ लागल्या की संगमरवरी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. सगळे फोटो काढतात ते सेल्ससच्या ग्रंथालयाचे. पहिल्या शतकातला प्रेषित पौल तिथून गेल्यावर साठेक वर्षांनी ते बांधलं गेलं, आणि आज दिसणारा दर्शनी भाग १९७०च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले तुकडे जुळवून उभा केलाय. पौलाशी खरं नातं थिएटरचं. देमेत्रिय सोनार अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे करून विकायचा, पौलाच्या उपदेशानं धंदा बसेल म्हणून त्यानं कारागीर गोळा केले, आणि सगळं गाव थिएटरात घुसून दोन तास अर्तमीच्या नावानं ओरडत राहिलं (प्रेषितांची कृत्ये १९). पौलाला आत जायचं होतं, शिष्यांनी जाऊ दिलं नाही. चोवीस-पंचवीस हजार माणसं मावतील असं ते थिएटर आज दिसतं त्या आकाराचं पौलानंतर झालं, पण जागा तीच. वरच्या पायऱ्यांवर बसलं की समोर सरळ रस्ता जातो बंदराकडे, आणि बंदर नाहीच. नदीच्या गाळानं ते भरत गेलं, समुद्र काही किलोमीटर मागं हटला आणि शहराचा जीव गेला. देमेत्रियाच्या धंद्याचे वारसदार मात्र दारातच बसलेत. ‘अस्सल नकली घड्याळं’ अशी पाटी लावून घड्याळं विकतात, आणि अर्तमीच्या मूर्ती आजही मिळतात, आता प्लास्टरच्या. जिच्या नावानं एवढा दंगा झाला तिचं देऊळ जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक होतं. त्या जागी आता तुकडे रचून उभा केलेला एक खांब आहे, भोवती पाणथळ, आणि वर करकोच्यांचं घरटं.

स्मुर्णा म्हणजे आजचं इझ्मीर. मोठं गजबजलेलं शहर, मध्येच खोलगट जागेत अगोरा, म्हणजे जुना बाजारचौक. पॉलिकार्पचं नाव सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या शतकातला हा म्हातारा बिशप. ‘ख्रिस्ताला शाप दे, सोडतो’ म्हटल्यावर, शहाऐंशी वर्षं ज्याची सेवा केली त्याची निंदा कशी करू, असं म्हणून जाळून घ्यायला तयार झाला. यापेक्षा जास्त तिथं बघण्यासारखं आम्हाला तरी सापडलं नाही.

पर्गमला (बेर्गामा) केबल कारनं वर जायचं. तिथलं थिएटर इतकं उभं आहे की वरून खाली बघताना आमच्या निम्म्या लोकांनी कठडा सोडला नाही. झेउसच्या वेदीच्या जागी पायऱ्यांचा चौथरा आणि पाइनची झाडं आहेत. वेदी बर्लिनला.

थुवतीरा, म्हणजे अखिसार. सातांतलं सगळ्यात लांब पत्र या गावाला आणि अवशेष सगळ्यात कमी! गावाच्या मध्यावर कुंपण घातलेला एक तुकडा, भोवती दुकानं आणि वाहतूक. बायबलमधली जांभळं कापड विकणारी लुदिया इथली. आमच्या बायकांनी तिथं लुदियेच्या नावानं प्रार्थना केली, आणि मग ऑलिव्ह घेतले. ऑलिव्हसाठी अखिसार प्रसिद्ध आहे.

सार्दीसला मात्र माझा जीव रमला. डोंगर, खाली अर्तमीच्या देवळाचे दोन पूर्ण उंचीचे खांब, आणि त्या अजस्र देवळाच्या कोपऱ्याला चिकटलेलं विटांचं एवढंसं चर्च, चौथ्या शतकातलं. दुसरीकडे व्यायामशाळेच्या आवारात १९६२ साली सापडलेलं ज्यूंचं सभास्थान, हजारेक माणसं बसतील एवढं. त्याच्या भिंतीला लागून बिझंटाइन काळातल्या दुकानांची ओळ. कुठल्या दुकानात क्रूस सापडला, कुठल्यात ज्यूंचा सात फांद्यांचा दीप. शेजारी शेजारी धंदा करत होते. सार्दीसचा किल्ला अभेद्य समजला जायचा आणि दोनदा पडला, दोन्ही वेळा पहारा नसलेल्या कड्यावरून शत्रू चढला. पारशी राजा कुरूशाच्या वेळची गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहिलीय : एका शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं, ते आणायला तो कड्यावरून उतरला, आणि पारशी सैनिकानं वाट पाहून ठेवली. ‘जागृत झाला नाहीस तर मी चोरासारखा येईन’ हे वाक्य याच गावाच्या पत्रात आहे. तो कडा समोर असताना ते ऐकायला मिळालं, याच्यासाठी मी पुन्हा जाईन.

फिलदेल्फिया (आलाशेहिर) आणि लावदिकीयाबद्दल प्रतिसादांत लिहिते. हात दुखले.

आवळेचिंच

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ‘अस्सल नकली घड्याळं’ ही पाटी मीही पाहिलीय, फोटो आहे माझ्याकडे!

माऊमावशी

सीनाताई, सुंदर लिहिलंय. व्यावहारिक प्रश्न : गुडघे बेताचे आहेत, जमेल का? आणि शाकाहारी माणसाची उपासमार होते का? आमच्याकडे ख्रिस्ती झालं तरी आईच्या माहेरचं शाकाहाराचं वळण सुटलेलं नाही.

सीनाकाठ

मावशी, इफिसला दोन दारं आहेत. वरच्या दारानं आत जायचं आणि खालच्या दारानं बाहेर पडायचं, म्हणजे सगळा उतार लागतो. गुळगुळीत तळव्याची चप्पल नको, संगमरवर घासून घासून चकचकीत झालाय. पर्गमला थिएटरच्या पायऱ्या उतरू नका, वरूनच बघा. खाण्याचं म्हणाल तर मसुराच्या डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, लिंबू पिळून. ताक मिळतं, ते आयरान म्हणतात. वांग्याचे प्रकार भरपूर. उपासमार नाही, पण चौथ्या दिवशी तिखटाची आठवण येते. लसणाची चटणी न्या.

वसईचा_पाव

ताई, तुम्ही इफिसला गेलात आणि मेरियेम आनाचं नावच नाही? बुलबुल डोंगरावरचं पवित्र मरियेचं घर. आम्ही वसईहून पॅरिशच्या गटाबरोबर गेलो तेव्हा आमच्यासाठी तेच मुख्य होतं. इफिस नंतर, वेळ उरला म्हणून.

सीनाकाठ

गेलो होतो दादा. आमच्यातले काही जण बसमध्येच बसून राहिले, म्हणून लिहायचं टाळलं. तुम्ही लिहा ना, तुमच्या नजरेनं वाचायला आवडेल.

वसईचा_पाव

लिहितो. जर्मनीत अ‍ॅन कॅथरिन एमेरिख नावाची एक साध्वी होती, अंथरुणाला खिळलेली. ती इफिसला कधीच गेली नव्हती. तिला मरियेच्या शेवटच्या दिवसांतल्या घराचे दृष्टान्त झाले, ते एका कवीनं लिहून घेतले. त्या वर्णनाच्या आधारानं इझ्मीरच्या लाझरिस्ट या कॅथलिक संघाच्या फादरांनी १८९१ साली डोंगरावर शोध घेतला आणि त्यांना पडक्या भिंती मिळाल्या. आसपासचे ग्रीक ख्रिस्ती लोक त्या जागेला आधीपासूनच मानत होते. पोप सहावे पॉल १९६७ला, दुसरे जॉन पॉल १९७९ला आणि सोळावे बेनेडिक्ट २००६ला तिथं येऊन गेले. चर्चनं मात्र ‘हेच ते घर’ असा शिक्का मारलेला नाही, आणि मरियेची कबर येरुशलेममध्ये आहे अशीही जुनी परंपरा आहे.

मला जास्त लक्षात राहिली ती रांग. आमच्या पुढं डोक्यावर रुमाल बांधलेल्या तुर्की बायका होत्या. कुराणात एक पूर्ण अध्याय मरियमच्या नावाचा आहे, त्या नेमानं येतात. बाहेर भिंतीला नवसाच्या चिंध्या आणि कागद बांधतात. माझ्या आईनं पण बांधला. काय मागितलंस म्हटलं तर सांगत नाही.

विटांचा_हिशेब

धागा उत्तम. वाचनखूण साठवली. दोन ठिकाणी जरा अडतो.

पहिलं पर्गमबद्दल. पत्रात ‘सैतानाचं आसन’ म्हटलंय ते म्हणजे झेउसची वेदी, असं प्रत्येक गाइड सांगतो. असेलही. पण इ.स.पू. २९ मध्ये रोमन सम्राट ऑगस्टसच्या पूजेचं देऊळ बांधायची परवानगी आशिया प्रांतात पहिल्यांदा पर्गमलाच मिळाली होती. राजाला देव मानायला नकार देणाऱ्यांच्या नजरेतून बघा, कुठलं आसन जास्त टोचेल? त्याच पत्रात अंतिपा नावाच्या साक्षीदाराला मारल्याचा उल्लेख आहे. वेदीनं कुणाला मारलं नसतं, राज्यसत्तेनं मारलं असतं.

दुसरं लावदिकीयाबद्दल, पण तुमचं लिहून होऊ द्या. मग भांडू.

स्प्रेकाठचा

बर्लिनहून हजर! वेदी इथं आहे पण इथंही दिसत नाही. 😀 कार्ल हुमान नावाच्या इंजिनियरनं १८७८पासून खोदकाम केलं आणि शिल्पपट्ट इकडं आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सैन्यानं ते लेनिनग्राडला नेले, १९५८-५९च्या सुमाराला परत आले. वेदीचं दालन दुरुस्तीसाठी २०१४पासून बंद आहे आणि २०२३च्या ऑक्टोबरपासून पूर्ण पेर्गामॉन संग्रहालयच बंद. मला इथं राहायला येऊन बरीच वर्षं झाली, मी अजून ती पाहिलेली नाही. तुम्ही निदान चौथरा पाहिलात.

रोखठोक_राव

तुर्कस्तानला पैसे द्यायची एवढी हौस? २०२५च्या मेमध्ये त्यांनी कुणाची बाजू घेतली ते विसरलात का?

सीनाकाठ

राव, आम्ही त्याच्या आधी गेलो होतो. त्यानंतर आमच्या ओळखीच्या दोन गटांनी बेत रद्द केले, कारण टूरवाल्यांनीच बुकिंग थांबवलं होतं. ज्यानं त्यानं ठरवावं. मी इथं कुणाला जा म्हणत नाहीये, गेलात तर काय बघाल ते सांगतेय.

व्यवस्थापक

राजकारणासाठी वेगळा धागा उघडावा. या विषयावरचे पुढचे प्रतिसाद काढले जातील.

सीनाकाठ

राहिलेली दोन गावं.

आलाशेहिरमध्ये सेंट योहानाच्या बॅसिलिकाचे (मोठ्या जुन्या चर्चचे) विटांचे प्रचंड खांब तेवढे उभे आहेत, राहत्या वस्तीच्या मधोमध. समोरच्या घराच्या गच्चीत द्राक्षं वाळत घातलेली, या भागातले बेदाणे नावाजलेले आहेत. फिलदेल्फियाच्या पत्रातलं वचन आहे, ‘जो विजय मिळवतो त्याला मी माझ्या देवाच्या मंदिरातील स्तंभ करीन, तो तेथून कधीही बाहेर जाणार नाही’. हा सगळा पट्टा भूकंपाचा. इ.स. १७च्या भूकंपात सार्दीस आणि फिलदेल्फिया दोन्ही पडली होती, आणि त्यानंतरही धक्के येत राहिले म्हणून फिलदेल्फियाचे लोक गावाबाहेर शिवारात राहायचे असं त्या काळचा भूगोलकार स्ट्रॅबो यानं लिहिलंय. अशा लोकांना ‘बाहेर जावं लागणार नाही’ हे केवढं मोठं आश्वासन! आमच्या पाळकांनी इथं एकही शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं आणि वीस मिनिटं बोलले.

लावदिकीया (देनिझलीजवळ) हे आश्चर्य. मी जुनी वर्णनं वाचून गेले होते, त्यांत नुसतं माळरान होतं. पामुक्काले विद्यापीठानं २००३पासून तिथं सलग खोदकाम चालवलंय, आणि आता रस्ते, देवळं, कारंजी सगळं बाहेर आलंय. २०१०मध्ये चौथ्या शतकातलं एक मोठं चर्च मिळालं. आता त्यावर छप्पर आहे, खाली नक्षीची फरसबंदी आणि बाप्तिस्म्याचं कुंड. टेकडीच्या कडेला मातीचे आणि दगडी पाण्याचे नळ आहेत, आतून चुन्याच्या थरानं जवळजवळ बुजलेले. त्यांच्याशेजारी बसून आम्ही ‘तू शीत नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला ओकून टाकीन’ ते पत्र वाचलं. समोर पलीकडच्या बाजूला पामुक्कालेचा पांढरा उतार दिसतो, हिरापोलिस या जुन्या शहराचे गरम झरे तिथले. दक्षिणेला डोंगर, त्याच्या पायथ्याला कलस्सै, तिथं थंड पाणी.

आता विटांचा हिशेब, तुमचं होऊ द्या.

विटांचा_हिशेब

होऊ द्या म्हणालात म्हणून. गाइड सांगतात की हिरापोलिसचं गरम पाणी नळानं लावदिकीयाला यायचं आणि वाटेत कोमट व्हायचं. लावदिकीयाचं पाणी तिकडून येतच नव्हतं. ते दक्षिणेकडून, आजच्या देनिझलीच्या भागातल्या झऱ्यावरून यायचं. चुना त्यात होता, नळ बघूनच कळतं, पण म्हणून ते कोमट म्हणून कुप्रसिद्ध होतं असं म्हणता येत नाही. गरम हिरापोलिस, थंड कलस्सै आणि मध्ये बिनकामाचं कोमट लावदिकीया ही मांडणी १९५०च्या दशकात दोन ब्रिटिश अभ्यासकांनी केली आणि तेव्हापासून प्रवचनांत पक्की बसली. दुसरे अभ्यासक म्हणतात की इथं साधी मेजवानीची रीत आहे. पाहुण्याला पेय थंड द्यायचं नाहीतर ऊन. कोमट दिलं की तो तोंड वाकडं करणार, हे त्या काळी कुठल्याही गावात कळलं असतं.

सीनाकाठ

कोमट पाणी हिरापोलिसहून यायचं असं मी लिहिलेलं नाही, वर जाऊन बघा. 🙂 नळ पाहिले आणि पत्र वाचलं, एवढंच लिहिलंय. पण तुमचा मुद्दा आमच्या पाळकांना दाखवला. ते म्हणाले, पाणी कुठून का येईना, ओकून टाकणारा कोण ते महत्त्वाचं. पत्रातली श्रीमंती मात्र तुम्हालाही मान्य करावी लागेल. इ.स. ६०च्या भूकंपानंतर या गावानं रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं सगळं परत बांधलं, हे रोमन इतिहासकार टॅसिटसनं नोंदवलंय. त्याच गावाला पत्र येतं की तू म्हणतोस ‘मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही’.

विटांचा_हिशेब

ते मान्य, बिनशर्त. तिथं गाव आणि पत्र नेमकं जुळतं.

पाण्यावरून आठवलं, लावदिकीयात इ.स. ११४चा एक शिलालेख सापडलाय, पाणीवाटपाचा कायदा. नळ फोडला, पाणी चोरलं, शेताकडे वळवलं की दंड, आणि दंड हजारो दिनारांचा. सत्तेतल्या कुणी मित्राला फुकट पाणी दिलं तर त्यालाही दंड. आपल्या नगरपालिकांनी भाषांतर करून लावावा.

आवळेचिंच

टँकरवाल्यांना आधी दाखवा.

नव्या_द्राक्षारसाचा

विषय एवढा रंगलाय आणि मूळ गोष्ट कुणीच बोलत नाही. प्रभूनं इफिसच्या मंडळीला सांगितलं होतं, पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई तिच्या ठिकाणाहून काढून टाकीन. आज त्या सातही गावांत मंडळी नाही. वचन पूर्ण झालं. एवढं डोळ्यांनी दिसत असताना नळांवर काय वाद घालताय?

विटांचा_हिशेब

दादा, मी श्रद्धेवर बोलत नाही, तारखांवर बोलतो. सात पत्रांपैकी दोनांत एकही दोष दाखवलेला नाही : स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. फिलदेल्फिया आसपासचं सगळं पडल्यावरही टिकून होतं, १३९० साली उस्मानी सुलतान पहिला बायझिद यानं घेतलं तेव्हा त्या भागातलं ते शेवटचं बिझंटाइन शहर होतं. स्मुर्णात तर ख्रिस्ती वस्ती १९२२पर्यंत मोठी होती. त्या वर्षी ग्रीक-तुर्की युद्धाच्या शेवटी शहर जळलं, आणि १९२३च्या करारानं ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल झाली. इकडचे ऑर्थोडॉक्स तिकडे गेले, तिकडचे मुसलमान इकडे आले. इच्छा कुणी विचारली नाही. आलाशेहिरचे ख्रिस्तीही त्यातच गेले. म्हणजे ज्यांची समई काढायची धमकी नव्हती त्यांचीही गेली. आणि ज्या इफिसला धमकी होती तिथं ४३१ साली अख्ख्या ख्रिस्ती जगाची परिषद भरली.

सीनाकाठ

नव्या द्राक्षारसाचे भाऊ, आमच्या बसमध्ये हीच चर्चा झाली होती. आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, मग नगरचं बोर्डिंग ओस पडलं ते कुणाच्या पापानं? बस शांत झाली. गाळानं बंदर गेलं, हिवतापानं लोक गेले, युद्धानं उरलेले गेले. समईचा इशारा खराच आहे, पण तो ऐकणाऱ्याला आहे. शेजारच्या गावाचं पडकं चर्च बघून त्याच्या पापाचा हिशेब मांडायला दिलेला नाही असं मला वाटतं.

आणि मंडळी अजिबातच नाही असंही नाही. इझ्मीरमध्ये चालू चर्चेस आहेत. सेंट पॉलिकार्प सतराव्या शतकातलं आहे.

नव्या_द्राक्षारसाचा

आजींचा प्रश्न कठीण आहे. माझं म्हणणं सोडत नाही, पण प्रार्थनेत ठेवतो.

वसईचा_पाव

सीनाताई, तुम्ही जागेवर बसून वचन वाचलंत ना, ती पद्धत सोळाशे वर्षांपूर्वीची आहे. एगेरिया नावाची एक बाई चौथ्या शतकाच्या शेवटी पश्चिमेकडून निघाली आणि सीनाय, येरुशलेम, एदेस्सा असं सगळं हिंडली. प्रत्येक ठिकाणी आधी प्रार्थना, मग त्या जागेचा शास्त्रपाठ, मग स्तोत्र, असा तिचा नेम. हे सगळं तिनं घरच्या भगिनींना पत्रात कळवलं. १८८४ साली इटलीत तिच्या पत्राची एक अर्धीमुर्धी हस्तलिखित प्रत सापडली, पहिली आणि शेवटची पानं गहाळ. कॉन्स्टँटिनोपलहून ती लिहिते की आता योहानाच्या समाधीशी प्रार्थना करायला इफिसला जायचा विचार आहे. पुढं ती पोचली का ते पत्रात नाही.

सीनाकाठ

हे मला माहीत नव्हतं! इफिसजवळच्या आयासुलुक टेकडीवर ती समाधीची जागा आहे, वर सम्राट जस्टिनियननं सहाव्या शतकात बांधलेल्या बॅसिलिकाचे अवशेष. एगेरियेच्या वेळी ते बांधकाम नव्हतं. आम्ही तिथं एक जुनं मराठी भजन म्हणायला लागलो तर पहारेकऱ्यानं हातानं थांबवलं. पुरातत्त्वाच्या जागी सामूहिक उपासना परवानगीशिवाय चालत नाही. वाचन चालतं. हळू आवाजात.

माऊमावशी

बाकीचे बोलतायत ते सगळं डोक्यावरून गेलं नाही, थोडं खाली आलं. 🙂 पण ताई, तुर्कस्तान सध्या नकोच असं घरचे म्हणतायत. पौलाच्या वाटेवरचं दुसरं काही?

भटकी_जिऑग्राफी

ग्रीस करा मावशी. मी दोन वर्षांपूर्वी केलं, धार्मिक गटाबरोबर नाही, नवऱ्याबरोबर. फिलिप्पैला जिथं लुदियेचा बाप्तिस्मा झाला असं मानतात तो ओढा आहे, पाण्याशी उतरायला पायऱ्या केल्यात, तुमच्या गुडघ्यांना जमेल. करिंथमध्ये बाजाराच्या मधोमध दगडी न्यायपीठ आहे. पौलाला गल्लियो या रोमन अधिकाऱ्यासमोर उभं केलं ते इथंच असं सांगतात. हा गल्लियो अधिकारी नेमका कधी होता ते डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून कळतं, इ.स. ५१-५२च्या सुमाराला. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा लोक त्या एका खुंटीला टांगून मोजतात. डेल्फीच्या संग्रहालयात त्याचे तुकडे ठेवलेत, आम्ही गेलो तेव्हा त्यांच्यासमोर कुणीही थांबत नव्हतं.

विटांचा_हिशेब

गल्लियोच्या शिलालेखाला +१०००. नव्या करारावर दगडाचा एवढा स्पष्ट आधार क्वचित मिळतो.

स्प्रेकाठचा

अंत्युखियाबद्दल कुणी लिहिलं नाही. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा जिथं मिळालं ते गाव, आजचं अंताक्या. फेब्रुवारी २०२३च्या भूकंपात जुनं शहर जवळजवळ सगळं कोसळलं, तिथलं ऑर्थोडॉक्स चर्चही. माझ्या ऑफिसातला एक सहकारी मूळचा तिथला ख्रिस्ती अरब आहे. त्याचे आईवडील वाचले, आता मेर्सिनला राहतात. तो म्हणतो की डोंगरातलं सेंट पेत्राचं गुहेतलं चर्च तेवढं टिकलं.

सीनाकाठ

आमच्या मूळ बेतात अंताक्या आणि पौलाचं जन्मगाव तार्सस होतं. भूकंपानंतर वगळलं. त्या जागी टूरवाल्यानं एक गालिच्यांचा कारखाना आणि एक चामड्याच्या जाकिटांचं दुकान घातलं, प्रत्येकी दोन-दोन तास! कुणी बुकिंग करत असाल तर कागदावर लिहून घ्या की दुकानं नकोत, त्याऐवजी कलस्सै हवं. ते नुसतं गवताळ टेकाड आहे, २०२४पर्यंत तिथं मोठं उत्खनन झालेलं नव्हतं, म्हणून नेत नाहीत. देनिझलीहून अर्धा तासही लागत नाही. पौलाचं एक पत्र ज्या गावाला गेलं ते अख्खं गाव तिथं मातीखाली आहे. आमचे नर्सबायांचे नवरे दुकानातून बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ झाली आणि ते राहिलं.

माऊमावशी

म्हणजे ग्रीसला गेलं तरी दुकानं चुकणार नाहीत. भटकीताई, ग्रीसचा व्हिसा किती आधी टाकावा? आणि लसणाची चटणी कस्टमवाले काढून घेतात का?

भटकी_जिऑग्राफी

शेंगेन व्हिसा लागेल, प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यात मुंबईत अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून लवकर बसा. चटणी नीट बंद पाकिटात चेक-इन बॅगेत टाका, आमची कुणी उघडूनही पाहिली नाही. तूप, पनीर मात्र नेऊ नका, बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे.